लेकीचं नाव आणि चोराची किल्ली

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटाची किल्ली तुम्ही कुठे ठेवता असं मी विचारलं, तर तुमच्यापैकी एकही जण मला खरं उत्तर देणार नाही. आणि देऊही नये. पण तुमच्या ई-मेलचा किंवा वीजबिलाच्या खात्याचा पासवर्ड काय असेल, हे मी न विचारताच सांगून बघते. मुलाचं किंवा मुलीचं नाव, आणि पुढे जन्मसाल. ते नसेल तर ह्यांचं नाव आणि लग्नाची तारीख. त्याहून भाविक असाल तर देवाचं नाव आणि पुढे १२३. बरोबर ना?

मी काही ज्योतिषी नाही हो. माझा स्वतःचा पासवर्डच गेली नऊ वर्षं लेकीचं नाव आणि तिचं जन्मसाल असा होता. ई-मेलला तोच, समाजमाध्यमावरच्या खात्याला तोच, साड्या मागवायच्या दुकानाला तोच. एका किल्लीने सगळ्या खोल्या उघडतात, केवढी सोय, असं मला वाटायचं. त्या सोयीची किंमत माझ्या मामीने मोजली. ती गोष्ट आज सांगायची आहे. सांगताना लाज वाटते, पण तुमच्यापैकी एकीचं जरी नुकसान टळलं तर लाज वसूल झाली म्हणायची.

आम्ही बदलापूरला राहतो. ह्यांची नोकरी मुंबईला, त्यामुळे पहाटेच डबा. ते गेले की लेकीची शाळा, सासूबाईंचं पथ्य, आणि दुपारी मी अंबरनाथच्या एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. बी.ए. झाल्यावर बारा वर्षं घरात होते. आता चार वर्षं पुन्हा हातात खडू आला आहे. गाडीने पुढचंच स्टेशन, पण तेवढ्यातही पाय ठेवायला जागा मिळवणं म्हणजे काय, हे ह्या मार्गावरच्या बायकांना सांगायला नको.

गेल्या श्रावणातल्या शुक्रवारची गोष्ट. मधल्या सुट्टीत फोन बघते तो सात जणींचे न घेतलेले कॉल. पहिला लावला तो नणंदेला. तिचा आवाज घाबरलेला. "वहिनी, कशी आहे गं आता ती? कुठल्या दवाखान्यात आहात?" मला कळेचना. लेक तर शाळेत, सकाळीच दोन वेण्या घालून पाठवली होती. मग हळूहळू उलगडलं. माझ्या खात्यावरून, माझ्या फोटोसकट, माझ्या नावाने सगळ्या नातेवाइकांना निरोप गेले होते. लेकीला अपघात झाला आहे, तातडीने पैसे भरायचे आहेत, माझा फोन बंद पडतोय, ह्या नंबरवर पाठवा. आणि निरोपात लेकीचं नाव होतं. जे नाव मी किल्ली म्हणून वापरलं, तेच नाव चोराने पुराव्यासाठी वापरलं.

बाकीच्यांनी आधी फोन लावला, म्हणून वाचल्या. मामीने लावला नाही. माझी मामी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहते. मामा गेल्यापासून ती घरी जीन्सचे धागे कापायचं काम करते. कारखान्यातून गठ्ठा येतो, प्रत्येक पँटचे लोंबणारे धागे कात्रीने कापायचे, नगावर पैसे मिळतात. ज्यांनी उल्हासनगरच्या गल्ल्या पाहिल्या आहेत त्यांना दाराबाहेर बसून निळ्या ढिगाऱ्यातून धागे वेचणाऱ्या बायका माहीत असतील. त्यांतलीच ती एक. तिने डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेले पंधरा हजार रुपये मुलाकडून फोनवरून पाठवून दिले. मुलगा म्हणाला, "आई, एकदा विचारू या का?" तर ती म्हणाली म्हणे, "पोर दवाखान्यात असताना चौकशा काय करायच्या!"

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. रिक्षात रडून घेतलं, म्हणजे तिच्यासमोर रडायला नको. ती चहा ठेवत होती. मला बघून पहिलं वाक्य, "पोर बरी आहे ना?" मी म्हटलं, "मामी, तिला काही झालंच नव्हतं." ती खाली बसली, हात जोडले, आणि म्हणाली, "मग झालं तर." पंधरा हजारांचं नावही काढलं नाही. ते मला जास्त लागलं.

आता पहिली उपयोगाची गोष्ट इथेच सांगते, कारण आम्ही ती वेळेवर केली नाही. असं काही घडलं तर ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर फोन करायचा. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभरचा मदत क्रमांक आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. ते पळायच्या आत कळवलं तर मध्येच अडवता येण्याची शक्यता असते. त्यात तासच काय, मिनिटंही मोलाची. आम्ही रडारड, समजूत, 'लोक काय म्हणतील' ह्यात रात्र घालवली आणि सकाळी फोन केला. तोवर पैसे निघून गेले होते. तक्रार नोंदली, पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, पण पैसे काही आले नाहीत.

मला मात्र एकच प्रश्न खात होता. मी तर पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता. ओटीपी दिला नव्हता. मग तो गेला कसा?

उत्तर दिलं आमच्या शाळेतल्या संगणकाच्या शिक्षकांनी. त्यांनी एक संकेतस्थळ उघडलं, 'हॅव आय बीन पोन्ड' असं चमत्कारिक नाव. ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंट नावाच्या गृहस्थांनी ते २०१३ साली सुरू केलं. तिथे आपला ई-मेलचा पत्ता घातला की तो आजवर कुठल्या कुठल्या चोरीला गेलेल्या याद्यांत सापडला आहे, ते दिसतं. माझा पत्ता सापडला. ज्या दुकानातून मी एकदा, फक्त एकदा, साडी मागवली होती, त्या दुकानाची गिऱ्हाइकांची यादीच चोरीला गेली होती. चोराने तिथली माझी किल्ली घेतली आणि बाकीच्या दारांना लावून पाहिली. सगळी उघडली. साडी तर रंग गेल्यामुळे मी केव्हाच मोलकरणीला देऊन टाकली होती.

मी विचारलं, "पण दुकानदार आपला पासवर्ड असा उघडा लिहून ठेवतो का?" सर म्हणाले, शहाणा दुकानदार ठेवत नाही. तो पासवर्डचं एक विशिष्ट गणित करून त्याचा भुगा करतो आणि भुगाच ठेवतो. मला ते मिक्सरच्या भाषेत कळलं. खोबऱ्याची चटणी केली की तिचं पुन्हा खोबरं होत नाही. तसंच ह्या भुग्यावरून पासवर्ड परत मिळवता येत नाही. पण चोर काय करतो? तो अंदाजाने एकेक शब्द घेतो, त्याच मिक्सरमधून काढतो, आणि चटणी जुळते का ते पाहतो. जुळली की समजला, आत खोबरं होतं की शेंगदाणे. आपण बँकेच्या पानावर तीन-चारदा चुकलो तर खातं बंद होतं. पण चोरलेली यादी चोराच्या घरात असते, तिथे त्याला कोण अडवणार? त्याचं यंत्र एका सेकंदात शेकडो कोटी अंदाज करून बघतं.

आता हिशेब करा. समजा, चोराकडे एक लाख नावांची यादी आहे. मराठी, हिंदी, सिंधी, गुजराती, सगळी नावं त्यात आली. प्रत्येकापुढे शंभर वर्षांपैकी एक साल. एक लाख गुणिले शंभर म्हणजे एक कोटी. सेकंदाला एक हजार कोटी अंदाज करणाऱ्या यंत्राला माझा नऊ वर्षं जपलेला पासवर्ड सापडायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि ही माझ्या एकटीची मूर्खपणाची कथा नाही, बरं का. २००९ साली अमेरिकेतल्या रॉकयू नावाच्या कंपनीतून तीन कोटींहून अधिक पासवर्ड बाहेर पडले. ते तर भुगा न करता उघडेच ठेवले होते. त्यांत सर्वांत जास्त लोकांचा पासवर्ड कुठला निघाला? १२३४५६. त्याहूनही जुनी गोष्ट आहे. एमआयटी ह्या नामांकित संस्थेत १९६० नंतर एक मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायला सुरुवात झाली, तेव्हा फर्नांडो कोर्बातो यांच्या व्यवस्थेत प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. १९६२ साली तिथल्याच अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला संगणकाचा वेळ कमी पडत होता. त्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. म्हणजे कुलूप आणि कुलूप फोडणारा, दोघांचं वय जवळपास सारखंच.

तर नवा पासवर्ड करायचा. मी वहीच घेऊन बसले. पहिल्यांदा मनात आलं ते अंबरनाथचं शिवमंदिर. इतिहासाची बाई ना मी! मंदिराच्या शिलालेखातलं साल शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. गावाचं नाव आणि १०६० लिहिलं. खूष झाले. मग शिक्षकांच्या खोलीत सहज म्हटलं, "गावाच्या नावावरून कुणी पासवर्ड केलाय का?" तर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीचा गाव आणि पिनकोड, दुसरीचा मंदिर आणि तेच साल! म्हणजे मला सुचतं ते शेजारणीलाही सुचतं, आणि शेजारणीला सुचतं ते चोरालाही सुचतं.

मग म्हटलं, थोडी चलाखी करू. इंग्रजी ए अक्षराच्या जागी ते गोल वेटोळ्याचं ॲट चिन्ह, आयच्या जागी एक, ओच्या जागी शून्य. हे करताना मला आमची लहानपणची च-ची भाषा आठवली. तुम्हीही बोलला असाल. 'मला' म्हणायचं तर 'चलाम'. आम्हा मुलींना वाटायचं, मोठ्यांना काही म्हणजे काही कळत नाही. एक दिवस आजी स्वयंपाकघरातून च-च्या भाषेतच ओरडली, आणि आमचं सारं राज्य बुडालं. रीत एकदा कळली की गुपित राहत नाही. अक्षराच्या जागी चिन्ह ही चोरांची च-ची भाषाच आहे. त्यांच्या यंत्राला ती कधीच पाठ झाली आहे.

गंमत म्हणजे ही चलाखी आपल्याला शिकवली ती मोठ्या माणसांनी. अमेरिकेत मानकं ठरवणारी 'निस्ट' नावाची सरकारी संस्था आहे. तिथल्या बिल बर यांनी २००३ साली नियम लिहिले, की पासवर्डात मोठं अक्षर, आकडा, चिन्ह असावं आणि तो ठरावीक दिवसांनी बदलावा. जगभर सगळ्यांनी ते उचललं. झालं काय, की लोकांनी पहिलं अक्षर मोठं केलं, शेवटी १ आणि उद्गारचिन्ह लावलं, आणि बदलायची वेळ आली की १ चा २ केला. २०१७ साली बर यांनी स्वतःच एका मुलाखतीत त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने नियम बदलले. उगाच दर दोन-तीन महिन्यांनी बदलायची सक्ती नको. पासवर्ड लांब असू द्या, आणि चोरीच्या यादीत सापडला तर मात्र लगेच बदला. चूक कबूल करणारी माणसं मला आवडतात.

मग चांगला पासवर्ड म्हणजे नेमका कसला? सर म्हणाले, "बाई, लांब आणि वाट्टेल तसा. कुणालाच सुचणार नाही असा. तुम्हालासुद्धा." मी म्हटलं, मला सुचणार नाही तर मी तो करू कसा? दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या वर्गात एक खेळ घेतला. म्हटलं, १ ते १० मधला कुठलाही एक आकडा मनात धरा आणि चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठ्या मोजल्या तर सर्वांत जास्त ७. एकाने लिहिला, दहाने कुणी लिहिलाच नाही. 'वाट्टेल तसं' म्हटलं तरी माणसाच्या मनाला वाटा पडलेल्या असतात. गुरं कशी रोजच्याच पायवाटेने घरी येतात, तसं मन येतं. म्हणून ह्या कामात मनाला बाजूला बसवायचं आणि फाशांना बोलवायचं.

हा शोध माझा नाही. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली 'डाइसवेअर' नावाची रीत काढली. पाच फासे टाकायचे आणि आलेल्या आकड्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द घ्यायचा. असे पाच-सहा शब्द ओळीने ठेवले की झाला पासवर्ड. पण ती यादी इंग्रजी शब्दांची, आणि आपल्याला स्पेलिंगची धास्ती. म्हणून आम्ही माय-लेकींनी घरगुती रीत बसवली. ती अशी.

सापशिडीच्या डब्यातले दोन फासे घ्या. दोन्ही वेगळ्या रंगाचे हवेत. आमचा एक लाल, एक पांढरा. आता वहीत सहा ओळी आणि सहा उभे रकाने आखा. घरं झाली छत्तीस. इंग्रजी अक्षरं सव्वीस आणि आकडे दहा, मिळूनही छत्तीसच! पहिल्या ओळीत ए ते एफ. दुसरीत जी ते एल. तिसरीत एम ते आर. चौथीत एस ते एक्स. पाचवीत वाय, झेड आणि ०, १, २, ३. सहावीत ४ ते ९. लाल फासा ओळ सांगतो, पांढरा रकाना सांगतो. लाल २ आणि पांढरा ५ पडला तर दुसऱ्या ओळीतलं पाचवं, म्हणजे के. लाल ६, पांढरा ४, तर ७. लाल ४, पांढरा २, तर टी. लाल ५, पांढरा २, तर झेड. चार अक्षरं झाली. असं सोळा वेळा करायचं. (हा नमुना छापून आला, तेव्हा तो आता कुणीही वापरायचा नाही!)

तीन पथ्यं मात्र पाळा. एक, रंगांचा क्रम मध्येच बदलायचा नाही. दोन, फासे नीट खळखळवून टाकायचे. हातातून अलगद ठेवायचे नाहीत. तीन, आणि हे सर्वांत अवघड: जे पडेल ते घ्यायचं. 'हे काही छान वाटत नाही, पुन्हा टाकू' असं म्हटलं की मन मागच्या दाराने आत आलंच. आमच्या लेकीला स्वतःच्या नावाचं अक्षर हवं होतं, त्यावरून थोडी रुसवाफुगवी झाली.

सोळा अक्षरांचे असे पासवर्ड किती होऊ शकतात? छत्तीसला छत्तीसने सोळा वेळा मांडून गुणायचं. साधारण ८ लिहून पुढे २४ शून्यं. सेकंदाला हजार कोटी अंदाज करणाऱ्या त्याच यंत्राला सगळे धुंडाळायचे तर सुमारे अडीच कोटी वर्षं लागतील. काही ठिकाणी मोठं अक्षर आणि चिन्ह मागतात. तिथे एक अक्षर मोठं करा, शेवटी एक चिन्ह लावा, आपलं मूळ बळ कमी होत नाही. कुठे सोळा अक्षरांना जागाच नसते. तिथे जेवढी जागा देतील तेवढी भरा. एटीएमचा पिन हवा असेल तर ह्याच फाशांनी करा; अक्षर पडलं तर सोडून द्यायचं, आकडा पडला तरच घ्यायचा. जन्मसाल नको म्हणजे नको.

तुम्ही म्हणाल, "अहो, हे लक्षात कसं राहायचं?" सगळे ठेवायचेच नाहीत. तोंडपाठ हवा तो ई-मेलचा. कारण 'पासवर्ड विसरलात का' असं दाबलं की बाकी सगळीकडच्या नव्या किल्ल्या ई-मेलवरच येतात. ती घराची मुख्य कडी. चार-चार अक्षरांचे चार गट करून मी तो पोळ्या लाटताना पाढ्यासारखा म्हणत होते, मनात हं, मोठ्याने नव्हे. आठवड्यात पाठ झाला. बाकीचे वहीत लिहिले. 'पासवर्ड कधी लिहू नये' असं आपल्याला सांगितलेलं असतं, पण विचार करा: परदेशात बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. वहीवर 'पासवर्ड' असं नाव घालू नका, ती पर्समध्ये घेऊन लोकलने फिरू नका, लॉकरमध्ये ठेवा, म्हणजे झालं. ज्यांना फोन चांगला जमतो त्यांनी 'पासवर्ड मॅनेजर' वापरावा. तो असे पासवर्ड स्वतःच तयार करतो आणि जपतो, आपण त्याची एकच मोठी किल्ली लक्षात ठेवायची. आणि जिथे 'दोन टप्प्यांची पडताळणी' अशी सोय असेल तिथे ती चालू करा. किल्ली चोरीला गेली तरी आतली कडी राहते.

आणखी एक सांगायचं राहिलं. अकरावीचे प्रवेश, दाखले, परीक्षांचे फॉर्म भरायला आपण स्टेशनजवळच्या दुकानात जातो. तिथला मुलगा आपल्यासाठी खातं उघडतो, पासवर्डही तोच ठरवतो आणि त्याच्या वहीत लिहितो, 'पुढच्या वेळी लागेल काकू' म्हणून. त्याची भावना चांगलीच असेल. पण घरी आल्यावर तो पासवर्ड बदला. ई-आधारची फाईल उघडायला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल लागतं, हे साऱ्यांनाच ठाऊक आहे. ती फाईल कुणाच्याही संगणकावर मागे ठेवून येऊ नका. आणि नेमक्या तसल्याच नाव-सालाच्या रीतीची सवय आपण आपल्या खात्यांना लावतो, ती मोडा.

सगळं आपल्या हातात नसतं, हेही खरं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी ९४ कोटींवर रुपये लांबवले. त्यात खातेदारांच्या पासवर्डचा काही दोष नव्हता, बँकेच्या यंत्रणेतच चोर शिरले होते. पण पावसाळ्यात नदीला पूर येतो म्हणून आपण घराची खिडकी उघडी टाकून जात नाही ना?

आता घरातली गोष्ट. नवे पासवर्ड झाले तेव्हा ह्यांनी सहज हात पुढे केला. "दे इकडे, मी फोनमध्ये लिहून ठेवतो." आजवर माझी सगळी खाती ह्यांनीच उघडून दिली होती, आणि म्हणून पासवर्डही त्यांना ठाऊक होते. मी म्हटलं, "ह्या वेळी माझे माझ्याजवळ राहू देत." हे जरा थांबले. "अगं, आपल्यात काय लपवाछपवी?" मी म्हटलं, "लपवायचं काही नाही हो. तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरची किल्ली तुमच्याकडे असते, मी कधी मागते का? माझ्या पगाराचं खातं आहे, त्याची किल्ली मला सांभाळता यायला हवी. नाही तर पुढच्या वेळीही मी रडत तुमच्याकडेच येणार." दोन दिवस जेवताना जरा शांतताच होती. मग सासूबाईच म्हणाल्या, "माझ्या कमरेला किल्ल्या होत्या तेव्हा तुझ्या वडिलांनी कधी मागितल्या नाहीत." विषय संपला.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती मला शेजारच्या वहिनींनी दाखवली. २०२१ साली त्यांचे यजमान करोनात गेले. वीजबिल, विमा, मुलांच्या फिया, सगळं त्यांच्या फोनमध्ये, आणि फोन उघडेना. दुःख करायलाही सवड मिळाली नाही हो बाईला, कागद गोळा करण्यातच वर्ष गेलं. म्हणून आम्ही दोघांनी एकेक पाकीट केलं. आपापले पासवर्ड, विम्याचे क्रमांक, कुठे काय आहे ते लिहून, बंद करून, पाकिटावर सही करून लॉकरमध्ये ठेवलं. गरज पडली तरच फोडायचं. बँकेच्या प्रत्येक खात्याला नॉमिनी आहे का तेही त्याच दिवशी पाहिलं. गेलेल्या माणसाच्या पैशाची रीतसर वाट तीच, त्याच्या पासवर्डने परस्पर काढणं नव्हे. पाकीट हातात देताना हे म्हणाले, "माझंही फाशांनीच करून दे." तेव्हा मला हसू आलं.

मामीचे पैसे मी शिकवणीतून दरमहा थोडे थोडे देते आहे. पहिल्या वेळी तिने घेतले नाहीत. मी म्हटलं, "मामी, किल्ली माझी हरवली, चोरी तुझ्या घरी झाली. मला हे करू दे." मग घेतले. डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, चांगलं झालं.

परवा मी फासे आणि वही घेऊन तिच्याकडे गेले होते. तिचं पेन्शनचं खातं आहे आणि आता फोन तीच वापरते. मी म्हटलं, "मामी, इंग्रजी अक्षरं ओळखता येतील ना?" ती म्हणाली, "अगं, वीस वर्षं जीन्सवरची लेबलं बघतेय मी. वाचता येत नसलं तरी अक्षर चुकायची नाही." आणि खरंच, एकही चुकली नाही. खळखळवून फासे टाकायची, वहीतल्या घरावर बोट ठेवायची, आणि पेन्सिलीने एकेक अक्षर काढायची. सोळा झाल्यावर चष्मा काढून म्हणाली, "हे माझं मलाच पुन्हा वाचता येत नाही, चोराला काय येणार!"

मग घरात सगळ्यांशी एक ठराव केला. पैशाचा निरोप आला, कुणाच्याही नावाने आला, कितीही घाईचा आला, तरी आधी फोन करून आवाज ऐकायचा. आवाज ऐकू आला नाही तर पैसे नाहीत. मामीलाही तसं वचन द्यायला लावलं. तिने दिलं, पण वर म्हणाली, "पोरीचं नाव घेतलं ना, तर अजूनही माझा हात थांबेल की नाही, सांगता येत नाही बाई."

म्हणून मैत्रिणींनो, तुम्ही तरी ते नाव किल्लीत ठेवू नका. आज रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की सापशिडीचा डबा काढा आणि मुलांना सोबत बसवा. आधी ई-मेल, मग बँक, मग बाकीचं. पाऊण तासात काम होतं. आणि काही अडलं तर शाळा-कॉलेजात जाणाऱ्या लेकीलाच विचारा. तिला सगळं येतं. फक्त तुम्ही ठेवलेला पासवर्ड तिला सांगू नका.